सातव्या कलमाचे शुद्धिपत्र

"सातवं कलम परत वाच," काका म्हणाले तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी ती टेबलाखाली अंगठ्याने चाचपत होती.

"वाचलं, काका. दोनदा."

"काय सापडलं?"

"हक्कमधला अर्धा क राहिला होता. घातला. बाकी स्वच्छ आहे."

काका छापखान्यातले सगळ्यात जुने मुद्रितशोधक. भिंगाशिवाय त्यांना ओळ दिसत नसे, पण भिंग लावले की ओळीच्या मागचेही दिसते, असे अक्षरजुळणीच्या खोलीतली माणसे म्हणत. त्यांनी प्रूफ स्वतःकडे ओढले, सातव्या कलमावर भिंग ठेवले आणि ते तिथेच राहू दिले.

"शुद्धलेखन स्वच्छ आहे, वेलांटी. मी वाक्य वाच म्हणतोय."

ऱ्हस्वदीर्घावरून ती कुणाशीही भांडायची, म्हणून छापखान्यात तिचे नाव वेलांटी पडले होते.

"वाक्य मी थोडंच लिहिलंय? सरकारी फॉर्म आहे. ज्यांनी लिहिलं त्यांना कळत असेल."

"ज्यांनी लिहिलं त्यांना खाली सही करावी लागत नाही. उद्या हा कागद तुझ्याच हातात आला तर?"

"माझ्या हातात आला तर निदान शुद्ध असेल," ती हसून म्हणाली. "काका, तुम्ही निवडणुकीला उभे राहा. माझं मत तुम्हाला."

बाळंतपणाच्या रजेवरून परतून तिला जेमतेम पंधरवडा झाला होता. घरी आठ महिन्यांची मुलगी सासूबाईंच्या मांडीवर होती, आणि इथे छातीत दूध दाटून आले होते. तिने प्रूफच्या कोपऱ्यात आद्याक्षर केले, 'छापावे' असे लिहिले आणि दुसरी चप्पल सापडताच निघाली. काकांनी भिंग उचललेले नाही, हे तिने दारातून पाहिले. पाहिले आणि विसरली.

तीन वर्षांनी तो कागद तिच्या हातात आला, तेव्हा ती मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या नोंदणीखिडकीपाशी उभी होती आणि तीच मुलगी तिच्या कडेवर होती.

पावणेचार वर्षांची मुलगी कडेवर घेण्याएवढी लहान नव्हती. पण फाटकापासून सतरा पावले चालून ती खाली बसली होती. गेल्या खेपेला ती जिनाही चढली होती. अशी मोजदाद आई सतत ठेवत असे : किती पावले, ओठांचा रंग, नखांचा रंग, खालची पापणी ओढल्यावर आतली लाली. मुलीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी टिकत नसत. दर तीन आठवड्यांनी गुरुवारी, दुसऱ्या मजल्यावरच्या सहा खाटांच्या खोलीत तिला रक्त चढवत, आणि शुक्रवारी तीच मुलगी पलंगावरून उड्या मारी. पहिल्यांदा सुई टोचताना परिचारिका म्हणाली होती, "आता मुंगी चावेल हं." मुलगी रडायची सोडून "कुठेय मुंगी?" असे विचारत राहिली. तेव्हापासून घरीदारी सगळे तिला मुंगीच म्हणत.

"यादीत नाव नाही," खिडकीतल्या नोंदणीताई म्हणाल्या. त्यांच्या टेबलावरचा स्टेपलर सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेला होता.

"गेल्या वेळी होतं."

"गेल्या वेळी जुनी यादी होती. नव्या यादीत पत्त्याप्रमाणे विभाग पाडलेत. तुम्ही कालव्यापलीकडे राहायला गेलात ना?"

"घर बदललं, ताई. रक्त तेच आहे."

"मला सांगून काय उपयोग. पलीकडच्या रुग्णालयात खोली झालीय तुमच्यासाठी."

"सोमवारी जाऊन आले. खोली आहे. खोलीला कुलूप आहे. किल्ली ज्या सिस्टरकडे असणार, त्या अजून नेमायच्या आहेत."

नोंदणीताईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला. शंभर फॉर्मांच्या पुस्तकातला एक त्यांनी फाडला.

"इथे सही करा. मग बदलीची चिठ्ठी देते. चिठ्ठी असली की तिकडे तुमचा पहिला नंबर."

"कुलपासमोर पहिला नंबर."

"असं बोलू नका. मागे रांग आहे."

ती वाचत होती. काहीही हातात आले की वाचायचे, साबणाचे वेष्टणसुद्धा, ही कामाची सवय. पहिली सहा कलमे पत्ता, वय, ओळखपत्र यांची होती. सातव्यापाशी तिचा अंगठा थांबला.

'सदर उपचार हा रुग्णाचा हक्क नसून शासनाने देऊ केलेली सवलत आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे व ती बंद झाल्यास माझी कोणतीही हरकत राहणार नाही.'

हक्कमधला अर्धा क जागेवर होता. नीट, ठसठशीत. लाल पेन्सिलीने तो घातल्याचे तिला आठवले, आणि टेबलाखालची चप्पलही.

"हे उलटं छापलंय," तिच्या तोंडून निघून गेले.

"काय उलटं?"

"सातवं कलम. शब्दांची अदलाबदल झालीय. 'सवलत नसून हक्क' असं असणार. हे प्रूफ मी तपासलंय, ताई. चूक माझी असेल."

नोंदणीताईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले. तेवढ्यात आतल्या दारात अधीक्षक येऊन उभे राहिले. हातात चहाचा कप, कपावर बशी झाकलेली.

"कशाची चूक?"

"या म्हणतात, फॉर्म उलटा छापलाय."

"उलटाबिलटा काही नाही, बाई. सरकार देतंय तोवर घ्यायचं, याला सवलत म्हणतात. हक्क म्हणजे जे घटनेत लिहिलंय ते. मीही वाचलीय घटना. त्यात बाटलीभर रक्त कुठे लिहिलंय, दाखवा मला."

"मी तीन वेळा वाचलीय, साहेब. खिशात मावेल अशी आवृत्ती आमच्याकडे छापली, तेव्हा. तिसऱ्यांदा तर शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे, एकेक शब्द. जगण्याचा हक्क आहे त्यात."

"जगण्याचा आहे. दवाखान्याचा नाही."

"श्वासाचाही नाही. लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, तेवढं वाचणाऱ्याला कळेल."

रांगेत कुणीतरी हसले आणि खोकल्यात लपवले. अधीक्षकांनी कपावरची बशी काढली, पुन्हा ठेवली.

"कोर्टात जा मग. तिथे असली वाक्यं चालतात."

"कोर्ट तीन आठवड्यांत निकाल देतं का? माझ्याकडे तेवढेच असतात दर वेळी. आज तेही संपलेत."

"शनिवारी दुपारी दोनपर्यंत सही करून आणा," ते आवाज न चढवता म्हणाले. "नाही आणली तर इकडेही नाव नाही आणि तिकडेही नाही. मी नियम बनवत नाही, बाई. मी फक्त बसतो इथे."

तिने फॉर्मची घडी घातली.

"आई," मुंगी तिच्या खांद्यावर मान टाकून म्हणाली, "आज मुंगी नाही चावणार?"

घर तिसऱ्या मजल्यावर होते. तिचा नवरा शहरभर लिफ्ट दुरुस्त करत फिरे आणि स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट गेला महिनाभर बंद होती. याची चेष्टा जिन्यात रोज कुणी ना कुणी करी. त्या दुपारी तो मुंगीला खांद्यावर घेऊन तिन्ही मजले चढला, कुणाच्या चेष्टेला उत्तर न देता.

मुंगी झोपली. आई शेजारी बसली, हळूच तिची खालची पापणी ओढून पाहिली. थोड्या वेळाने पुन्हा पाहिली.

"झोपू दे तिला," नवरा दारातून म्हणाला. "बघून बघून पापणी सैल करशील पोरीची."

"सकाळपेक्षा फिकट आहे."

"सकाळी तू खिडकीजवळ बघितलंस, आता इथे अंधार आहे." मग तो आत येऊन पलंगाच्या कडेला टेकला. "सही करून टाक ना. एवढ्या ठिकाणी करतो आपण. बँकेत, शाळेत, सिमकार्डाला. कोण वाचतं?"

"मी वाचते."

"वाचून काय मिळालं? डोक्याला ताप."

"हरकत राहणार नाही असं लिहिलंय त्यात. उद्या कुलूप तसंच राहिलं तर मी कुठल्या तोंडानं विचारू? हिच्या आईनं लिहून दिलंय, म्हणतील, हिचं बंद केलंत तरी चालेल."

बाहेरच्या खासगी दवाखान्यात नेण्याचे नवऱ्याच्या ओठांवर आले होते आणि तिला ते दिसले होते. एकदा नेता आले असते. दर तीन आठवड्यांनी, आयुष्यभर, नेता आले नसते. ते दोघांनाही ठाऊक असल्यामुळे कुणी काढले नाही.

"समजा, खरंच छपाईची चूक निघाली," तो म्हणाला. "तर तुझी नोकरी?"

"जाऊ दे गेली तर."

"एवढं सोपं आहे?"

"सोपं नाही. पण चूक निघाली तर फॉर्म तरी बदलेल."

नोकरीच्या नऊ वर्षांत तिच्या हातून सुटलेल्या चुका तिला पाठ होत्या. एका निमंत्रणपत्रिकेतला 'सहकुटूंब', एका दिनदर्शिकेत दोनदा आलेला मंगळवार. त्या आठवल्या की अजूनही तिचे कान तापत. त्या दिवशी मात्र आपली एक मोठी, उघडीवाघडी, न लपणारी चूक निघावी म्हणून ती जीव टांगणीला लावून बसली होती.

सरकारी कामाच्या मूळ प्रती छापखान्यात पाच वर्षे जपून ठेवत. त्यांची खोली तळघरात होती आणि निवृत्त झाल्यावरही काका तिथेच येऊन बसत. नजर आणखी अधू झाली होती. आता ते गठ्ठे हाताने ओळखत, दोरीच्या गाठीवरून.

शुक्रवारी सकाळी तिने फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. उठले, तिसऱ्या फळीवरचा एक गठ्ठा काढला, सोडला आणि टंकलिखित प्रत तिच्यासमोर सरकवली.

तिने सातवे कलम काढले. 'सदर उपचार हा रुग्णाचा हक नसून शासनाने देऊ केलेली सवलत आहे.' पुढचेही सगळे तसेच. बोट ठेवून तिने दुसऱ्यांदा वाचले, मग शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. बाजूला तिचे प्रूफ टाचलेले होते. अख्ख्या पानावर लाल रंगाची एकच खूण होती. अर्धा क.

"चूक नाहीये," ती म्हणाली.

"नव्हतीच."

"तुम्ही सांगितलं होतं मला."

"मी फक्त वाच म्हटलं होतं. पुढे मलाही कुठे काही सुचलं होतं." काकांनी भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसले. "पोरगी कशी आहे?"

"सतरा पावलं."

वर यंत्र सुरू झाले आणि तळघराचे छत बारीक थरथरू लागले.

"शुद्धिपत्र काढते मी," ती म्हणाली.

"कशाचं?"

"याचं. 'हक्क नसून सवलत' याऐवजी 'सवलत नसून हक्क' असे वाचावे."

"चूक नाही म्हणालीस ना आत्ता?"

"छपाईची नाही."

काकांनी मान वर केली. पांढुरक्या झालेल्या बुबुळांनी त्यांनी अंदाजाने तिच्या चेहऱ्याचा ठाव घेतला.

"आपण आयुष्यभर शुद्धिपत्रं काढली," ते सावकाश म्हणाले. "एकात तरी चूक कुणाची ते लिहिलंय?"

"नाही."

"लिहीत नाहीत. कसं वाचावं तेवढंच लिहितात."

तिने कागद ओढला आणि वाक्य फिरवून लिहिले. लिहिता लिहिता अडखळली. सवलत होती तोवर पुढे 'ती बंद झाल्यास' होते. आता हक्क आला म्हणजे 'तो' करावे लागणार.

"'ती'चं 'तो' झालं," ती म्हणाली. "आणि शेवटचं? 'माझी कोणतीही हरकत राहणार नाही' हे व्याकरणात तसंच बसतं."

"अर्थात बसतं का?"

"नाही."

"मग?"

तिने 'कोणतीही' आणि 'राहणार नाही' खोडले. 'राहील' लिहिले.

मोठे यंत्र मालकांच्या परवानगीशिवाय लागत नसे. वरच्या खोलीच्या कोपऱ्यातली, पायाने चालवायची जुनी ट्रेडल मात्र शुद्धिपत्रांसाठी आणि भेटकार्डांसाठी अजून चालू होती. तिथे जाऊन काकांनी अक्षरांच्या खिळ्यांची पेटी उघडली. डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक ठाऊक होते. एकेक अक्षर उचलून ते तिला दाखवत, ती मान हलवी, आणि काकांना ते दिसत नसल्यामुळे "हं" असेही म्हणे. शेवटची ओळ जुळवण्याआधी ते थांबले.

"खाली छापखान्याचं नाव घालावं लागेल. नाव नसलेला कागद म्हणजे नुसतं पत्रक. नाव असलं की दुरुस्ती."

"मालक?"

"मालकांना मी सांगतो. मला आता काढून टाकायचं म्हटलं तरी त्यांना आधी परत कामावर घ्यावं लागेल."

"माझी आद्याक्षरंही घाला," ती म्हणाली. "मूळ प्रुफावर आहेत, इथेही असू देत."

शनिवारी सव्वाबाराला ती खिडकीपाशी पोहोचली. या खेपेला मुंगी फाटकापासूनच कडेवर होती. नवरा मागे उभा होता, हातात पाण्याची बाटली आणि फाईल. बोलायचे नाही, असे त्याने स्वतःहून कबूल केले होते.

तिने फॉर्म आत सरकवला. सही खाली होती. सातव्या कलमावर बोटभर रुंदीची पांढरी पट्टी चिकटवलेली होती.

नोंदणीताईंनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि ओठ हलवत वाचले. 'कलम ७ ऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे : सदर उपचार ही शासनाने देऊ केलेली सवलत नसून रुग्णाचा हक्क आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे व तो बंद झाल्यास माझी हरकत राहील.'

त्यांनी पट्टीच्या कडेवरून नख फिरवले. चांगली चिकटली होती.

"साहेब," त्यांनी मागे न वळता हाक मारली.

अधीक्षक आले. त्यांनी उभ्यानेच वाचले, मग खुर्ची ओढून बसून वाचले.

"ही चूक होती?"

"चूक होती," ती म्हणाली.

"छापखान्याची?"

"शुद्धिपत्रात ते लिहीत नाहीत."

"बाई, मी लहान नाहीये. हा शासनाचा कागद नाही."

"तो फॉर्मसुद्धा आमच्याच छापखान्यातून आलाय, साहेब. खाली तेच नाव आहे. तो शासनाचा असेल तर हाही आहे. हा नसेल तर तुम्ही लिहून द्या की हक्क नाही. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं. मी घेऊन जाते."

अधीक्षकांनी खिशातले पेन काढले नाही. छपाईतले वाक्य कुणाचेच नसते. हाताने लिहिले की ते कुणाचे तरी होते. ते पट्टीकडे पाहत राहिले. रांग पुढे सरकत नव्हती, पण कुरकुरतही नव्हती. ऐकत होती.

"एक बोलू का, साहेब?" नोंदणीताई म्हणाल्या. त्यांचा सूर रोजचाच होता, यादीत नाव नाही असे सांगतानाचा. "दुरुस्ती चिकटवलेला फॉर्म आपल्याला स्वीकारता येत नाही आणि परतही करता येत नाही. वर पाठवावा लागतो. आणि वर पाठवलेल्या प्रकरणात उत्तर येईपर्यंत जैसे थे."

"मला शिकवू नका."

"नाही, आठवण केली. जैसे थे म्हणजे मुलगी जुन्या यादीत होती तशी."

"आणि उत्तर कधी येतं वरून?"

"माझ्या बदलीचा अर्ज तुमच्याच सहीनं गेलाय, साहेब. सहा वर्षं झाली."

या वेळी रांगेतले हसू कुणी खोकल्यात लपवले नाही. अधीक्षक उठले. आत जाता जाता थांबले आणि मुंगीकडे पाहिले. तिचे डोके आईच्या खांद्यावरून एका बाजूला कलंडले होते.

"पाठवा वर," ते म्हणाले. "आणि दुसऱ्या मजल्यावर सांगा. शनिवारी दोन खाटा चालू असतात."

सुई लागताना मुंगी काही बोलली नाही. पाऊण बाटली गेल्यावर तिने परिचारिकेला विचारले, "चावून झालं का?" आणि आईने खिडकीबाहेर पाहिले. नवरा डबा आणायला गेला होता.

थोड्या वेळाने नोंदणीताई वर आल्या. जेवणाची सुट्टी होती. त्यांच्या काखेत फॉर्मांचे ते शंभराचे पुस्तक नव्हते, दोरीने बांधलेला एक गठ्ठा होता.

"तुमच्याकडे त्या पट्ट्या अजून आहेत का?"

"दोनशे काढल्यात."

"हे महिन्याभरातले. सही करून गेलेले." त्यांनी गठ्ठा खाटेच्या पायथ्याशी ठेवला. "पट्टी कुणी कधी लावली, हे कोण विचारतंय. पण नुसती लावून भागत नाही. माणूस परत आला पाहिजे. जे गेले ते समजून गेलेत की आपला काही हक्क नाही. त्यांना हे सांगणार कोण?"

"पत्ते आहेत ना यात?"

"पत्ते मला देता येत नाहीत," नोंदणीताई म्हणाल्या. त्यांनी दोरी सोडली, मधला एक फॉर्म काढून वर ठेवला आणि तो तिच्या बाजूने सुलटा केला. "मी पाणी पिऊन येते. वेळ लागेल मला."

मूल पाच वर्षांचे. आजार मुंगीचाच. रक्त शेवटचे चढवल्याची तारीख सात आठवड्यांपूर्वीची. फोनच्या रकान्यात रेघ. पत्त्याच्या रकान्यात एवढेच : पाण्याच्या टाकीमागे. सातव्या कलमाखाली, सहीच्या जागी, आईचा अंगठा. निळा, थोडा फरफटलेला, कडेवर मूल घेऊन उठवावा लागतो तसा.

सात आठवडे. तिने मनाशी पावले मोजायचा प्रयत्न केला आणि ती सतराच्या खाली कुठेतरी हरवली.

बाकीच्या फॉर्मांवर नीट पत्ते होते. ते तिने फाईलच्या आतल्या बाजूला उतरवून घेतले, घरोघर निरोप दिला, आणि पुढच्या आठवड्यात त्यांतली निम्मी माणसे एकेक करून खिडकीशी येऊ लागली. टाकीमागच्या बाईचे मात्र काही कळेना. शहरात पाण्याच्या टाक्या तीन. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, नवऱ्याने मुंगीला खांद्यावर घेतले आणि तिघांनी तिन्ही टाक्यांमागच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मुंगी दर दारापाशी खाली उतरवून मागत होती आणि दर खेपेला एक जिना आपल्या पायांनी चढत होती. एका दुकानदाराने सांगितले, होती अशी एक बाई, पोराला उचलूनच न्यायची. खोली सोडून गेली. कुठे, ते त्याला ठाऊक नव्हते.

सोमवारी ती कामावर गेली. मालकांनी तिला वर बोलावले होते, दहा वाजता. साडेनऊला तिने काकांना तळघरातून हात धरून आणले, ट्रेडलपाशी बसवले आणि स्वतः खिळे उचलायला घेतले. तिच्या बोटांना सवय नव्हती, ओळ वाकडी येत होती. काकांनी बोट फिरवून पाहिले आणि सरळ केली नाही.

दहा वाजून गेले. वरून दोनदा बोलावणे आले. तिने मजकूर शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे तपासला, खाली छापखान्याचे नाव आणि आपली आद्याक्षरे घातली, आणि पहिली प्रत ओली असतानाच वाळत घातली.

'शुद्धिपत्र क्रमांक दोन. रुग्णालयाच्या नोंदीत एका आईच्या अंगठ्यापुढे "हरकत नाही" असे छापले गेले आहे. ते तिने म्हटलेले नाही, असे वाचावे. तिचे मूल पाच वर्षांचे आहे. त्याला रक्त मिळून सात आठवडे उलटले आहेत आणि त्याची खाट तयार आहे. हे दोघे पूर्वी पाण्याच्या टाकीमागे राहत. आता कदाचित तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत, तुमच्या भिंतीपलीकडे राहत असतील. वाचकांनी कृपया आजच जाऊन पाहावे. मूल फार फिकट झाले असेल, आईला त्याच्यापासून उठणे जमत नसेल. दार उघडायला वेळ लागला तरी परत फिरू नये.'